खाली एक, वर एक

आमच्या केंद्रात दोन संगणक होते आणि दोघांची वागण्याची तऱ्हा वेगळी होती. दाराजवळचा माझा, खिडकीजवळचा नलिनीचा. माझ्यावर निळ्या अक्षराचं चिन्ह असलेला ब्राउझर होता, तिच्यावर कोल्ह्याचं चिन्ह असलेला. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेटवरची पानं बघतो ती खिडकी. गिऱ्हाइकांना ही नावं कळत नसत. ते म्हणत, "सरांच्या मशीनवर नको, बाईंच्या मशीनवर करू. मी थांबतो." सर म्हणजे मी, बाई म्हणजे नलिनी, माझी पत्नी. तिला जाऊन आता दोन वर्षं होत आली.

डहाणू स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या राहतात त्या रस्त्यावर, एका औषधांच्या दुकानामागे आमची लहानशी खोली आहे. "ऑनलाइन अर्ज भरून मिळतील" अशी पाटी नलिनीने स्वतःच्या अक्षरात रंगवली होती. दाखले, शिष्यवृत्ती, वसतिगृह, शिधापत्रिका, भरतीचे अर्ज, सगळं इथे होतं. त्याआधी मी एका शाळेत ग्रंथपाल होतो आणि नलिनी घरी शिकवण्या घ्यायची. निवृत्तीनंतर मला घरात बसवेना. नलिनी म्हणाली, "तुम्हाला नोंदी करायची सवय आहे, मला माणसांशी बोलायची. दोन्ही मिळून काहीतरी होईल." तेच झालं.

अर्ज भरणं बाहेरून सोपं वाटतं. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहायची, त्यात काय? खरी अडचण लिहायच्या जागी येत नाही, निवडायच्या जागी येते. पानावर एक चौकट असते, तिच्या कडेला बारीकसा बाण. बाणावर टिचकी मारली की खाली यादी उलगडते. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. ग्रंथालयात तालिकापत्रांचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे, लाकडी खण असत. एक खण ओढला की पत्रांची ओळ पुढे सरकायची. या याद्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला ते खण आठवले आणि परक्या जागी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

यादीत जे नाही ते माणसाला होता येत नाही, हेही तिथेच कळलं. चिकूच्या वाडीचे मालक असलेले एक वृद्ध काका कसल्याशा ओळखपत्रासाठी आले होते. जन्मवर्षाची यादी मी खालपर्यंत ओढत नेली, पण ती काकांच्या वर्षाच्या दोन वर्षं अलीकडेच संपली. काका चष्मा वर करून बघत राहिले.

"एटले, म्हणजे तुमच्या यादीत मी अजून जन्मलाच नाय?"

"यादी तिथेच संपते, काका."

"अरे भाई, मी अजून संपला नाय आणि यादी कशी संपली?"

नलिनीने त्यांना पाणी दिलं आणि कार्यालयाला पत्र लिहून दिलं. पुढच्या वर्षी यादी लांबली. काका मुद्दाम चिकूची पाटी घेऊन आले आणि "जन्मलो" एवढंच सांगून गेले.

दुसरी गोष्ट सायवनच्या एका गुरुजींची. हुशार माणूस, बदलीचा अर्ज स्वतःच भरतो म्हणाले आणि माझ्या खुर्चीत बसले. गावांच्या यादीत सायवन निवडलं आणि पान खाली सरकवण्यासाठी माउसचं चाक फिरवलं. काही ब्राउझरांत अशा वेळी पान सरकत नाही, यादीच सरकते, कारण शेवटचा स्पर्श यादीला झालेला असतो. गुरुजींच्या नकळत सायवनच्या जागी शेजारचं गाव आलं. सुदैवाने नलिनी मागे उभी होती. "गुरुजी, यादी निवडली की हात उचलायचा," ती म्हणाली. "पोरांना सांगता ना, पेपर झाला की पेन खाली ठेवा, तसंच." गुरुजी हसले, पण पुढे आले की तिच्याच शेजारी बसायचे.

जून-जुलैत दाराबाहेर रांग लागायची. एकाच प्रकारचे अर्ज, त्याच त्या याद्या. मी पुस्तकं आणून स्क्रिप्ट लिहायला शिकलो. स्क्रिप्ट म्हणजे आपल्या ऐवजी पानात मजकूर भरणाऱ्या दहा-वीस ओळी. गिऱ्हाइकाची माहिती आमच्या वहीवरून एकदा संगणकात घेतली की पानाच्या माथ्यावर ठेवलेलं एक बटण दाबायचं. मग नाव, वडिलांचं नाव, तालुका, गाव सगळं आपापल्या चौकटीत जाऊन बसायचं. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी लहान मुलासारखा उठून नलिनीला बोलवायला गेलो होतो. तिने पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे हो. जादूच." त्या दोन वाक्यांवर माझं वर्ष निघालं.

थोडं कामाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण हाताने यादीतून एक नाव निवडतो तेव्हा दोन गोष्टी होतात. नाव चौकटीत दिसतं, आणि ब्राउझर पानाला कळवतो की इथे बदल झाला. पान मग त्या नावाचा क्रमांक आत टिपून ठेवतं, आणि अर्जासोबत पुढे जातो तो हा क्रमांक. स्क्रिप्टने नाव बसवलं तर पहिली गोष्ट होते, दुसरी होत नाही. नाव दिसतं, पण पानाला पत्ता नसतो. ते कळवण्याचं काम स्क्रिप्टमध्ये वेगळ्या ओळीने करावं लागतं, आणि ती ओळ कशी लिहायची याबाबत तेव्हा ब्राउझरांचं एकमत नव्हतं. मी ती निळ्या अक्षराच्या ब्राउझरच्या पद्धतीने लिहिली आणि माझ्या संगणकावर दहादा तपासली. नलिनीच्या कोल्ह्याला ती पद्धत ठाऊक नव्हती. तिथे चूक झाल्याची सूचना झळकली असती तर मला कळलंही असतं. पण गिऱ्हाइकांसमोर लाल अक्षरं नकोत म्हणून मीच आणखी एक ओळ लिहून ठेवली होती: चूक आली तर गप्प राहा आणि पुढे जा.

कोल्हा गप्प राहिला आणि पुढे गेला. वर्षानुवर्षं.

माझ्या हे ध्यानात आलं नाही याचं कारण नलिनीची एक सवय. बटण दाबून सगळं भरलं की ती कीबोर्ड उचलून गिऱ्हाइकासमोर ठेवायची. "तुझा तालुका तू निवड," म्हणायची. मग समोरचा माणूस, शिकलेला असो नसो, तिने दाखवलेलं खाली जायचं बाणाचं बटण एकदा दाबायचा, मग वर जायचं एकदा. चौकटीतलं नाव खालच्या नावावर जाऊन परत यायचं. "खाली एक, वर एक," ती म्हणायची, "झालं. आता हे तू भरलंस." तिच्या कीबोर्डवरची अक्षरं नव्यासारखी होती आणि ते दोन बाण मात्र पार पुसले होते. मी ते रोज पाहत होतो.

मला वाटायचं, ही तिची शिकवण्यांची खोड. माणसाला आपला अर्ज आपण भरल्यासारखं वाटावं म्हणून.

"तुझ्या या खाली-वरने रांग लांबते," मी एकदा म्हणालो.

"लांबू दे. तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

"बटण दाबल्यावर सगळं भरलेलंच असतं, नलिनी."

"असतं ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

एकाच अर्जात ती कीबोर्ड समोर ठेवत नसे. गेलेल्या माणसाचं नाव शिधापत्रिकेतून कमी करण्याचा अर्ज असला की त्यात "कारण" नावाची यादी येते. तिथे ती समोरच्याला बाहेर बघायला लावायची, काहीतरी विचारायची, भात किती झालं, पोरं काय करतात, आणि स्वतःच ती दोन बटणं दाबून टाकायची.

अशाच कामासाठी एकदा जमनीबाई आली होती. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची, मोलमजुरी करणारी. नवरा गेला होता. अर्ज झाल्यावर ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. नलिनीने चहा मागवला. महिनाभराने ती स्वतःच्या विधवा निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी पुन्हा आली, आणि त्या वेळी नलिनीने कीबोर्ड तिच्यासमोर ठेवला. "मला वाचता येत नाय, बाई," ती म्हणाली. "बोट आहे ना?" नलिनी म्हणाली. त्यानंतर जमनीबाई पाड्यावरच्या कितीतरी जणांना घेऊन आली. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला आली की वाट वाकडी करून केंद्रात डोकावायची, बाईंना भेटायला.

नलिनी पावसाळ्याच्या तोंडावर गेली. आजाराबद्दल मी लिहिणार नाही. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं होतं, "जूनचं काय करणार एकटे?" मी म्हणालो, "बटण आहे ना." तिने माझ्याकडे पाहिलं. काही सांगायचं असावं असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं, ती दमली आहे.

तेराव्यानंतर मी केंद्र उघडलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो. माझा संगणक चालू होता, त्यात काही बिघाड नव्हता. पण तिच्या खुर्चीच्या पाठीला तिची शाल होती, आणि दाराजवळ बसून रिकामी खुर्ची बघण्यापेक्षा खुर्चीत बसणं बरं वाटलं. त्या जूनचे सगळे अर्ज मी तिच्या संगणकावर भरले. बटण दाबायचं, भरलेलं पान वाचायचं, पाठवायचं. रांग पूर्वीपेक्षा लवकर सरायची. मला त्याचं थोडं समाधानही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

एका संस्थेत परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला तालुकावार जागा होत्या. त्या वर्षी जमनीबाई तिच्या बहिणीच्या मुलीला, सुरेखाला, घेऊन आली. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी झालेली. पुढे शिकायला घरातून एका वर्षाची मुभा मिळाली होती. यंदा प्रवेश झाला तर ठीक, नाहीतर माघात लग्न. हे तिने मला सांगितलं नाही, जमनीबाईने सांगितलं. सुरेखा नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी बटण दाबलं. तालुका तलासरी, गाव, गुण, सगळं दिसलं. पाठवलं. पावती दिली. पावतीवर नाव, अर्जाचा क्रमांक आणि फोटो एवढंच यायचं.

दोन आठवड्यांनी दोघी सकाळच्या एसटीने आल्या. सुरेखाच्या हातात मोबाइल होता.

"सर, यादी लागली. माझं नाव तलासरीत नाही. डहाणूत आहे."

"डहाणूत कसं असेल?"

"पडताळणीला सांगितलं, दाखला तलासरीचा, अर्ज डहाणूचा, चालणार नाही. दुरुस्ती करून आणा. उद्या पाच वाजेपर्यंत."

जमनीबाई बाकावर बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "सर, पोरीचा वरीस जायचा नाय ना?"

मी दुरुस्तीचं पान उघडलं, बटण दाबलं. तालुका: तलासरी. डोळ्यांसमोर, ठळक. जतन केलं आणि जतन झालेला अर्ज उघडून पाहिला. तालुका: डहाणू. पुन्हा केलं. पुन्हा डहाणू. तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर मी माउसने यादी उघडली आणि हाताने तलासरीवर टिचकी मारली. तरी डहाणू. त्या वेळी कळलं नाही, पण कारण साधं होतं. चौकटीत तलासरी आधीच बसलेलं होतं. आहे तेच पुन्हा निवडलं म्हणजे पानाच्या लेखी काहीच बदललेलं नव्हतं.

मी स्क्रिप्टच्या ओळी उघडून बसलो. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. सुरेखा हळूच म्हणाली, "सर, दुसऱ्या दुकानात जाऊ का?" तिने ते चांगल्या मनाने विचारलं होतं.

जमनीबाई माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "तुमी बाईंसारखा का नाय करत?"

"बाईंसारखं काय?"

"खाली एक, वर एक. ते तं तुमी केलाच नाय. त्या दिशी पण नाय केला. मला वाटला, आता लागत नसेल."

तिने कीबोर्ड ओढून सुरेखासमोर ठेवला. "दाब गं. तुझा तालुका तू निवड. हा खालचा. हां. आता वरचा."

तलासरी गेलं, खालचं नाव आलं, तलासरी परत आलं. मी जतन केलं. उघडलं. तालुका: तलासरी.

सुरेखा रडायला लागली. मी जमनीबाईकडे वळलो.

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"बाईंनी." जमनीबाई थोडी अडखळली. मग पदर तोंडाशी नेऊन हसली. "मी विचारला व्हता त्यांना, आधीच नाव लिवलाय तं परत कशाला दाबायचा? तं बोलल्या, सरांचा बटण नाव दाखवतो, पोचवत नाय. पण त्यांना बोलू नको. हौसेनी बनवलाय."

नलिनीने हे कधी शोधलं असेल, मला माहीत नाही. कदाचित पहिल्याच जूनमध्ये, जतन झालेला एखादा अर्ज उघडून बघताना. तिला स्क्रिप्ट कळत नव्हती. तिला एवढं कळलं असणार की माझं बटण दाबूनही काहीतरी राहतं, आणि खाली-वर केलं की ते पुरं होतं. मला सांगितलं असतं तर तासाभराचं काम होतं, एक ओळ बदलायची. पण मला ते किती लागलं असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून इतकी वर्षं, प्रत्येक माणसामागे दोन बटणं.

या अर्जात यादी फक्त तालुक्याची होती, बाकी सगळं लिहायचं, त्यामुळे डहाणूच्या मुलींचं काही बिघडलं नव्हतं. यादी इंग्रजी अक्षरक्रमाने होती, पहिलं नाव डहाणूचं, आणि पानाला काही कळवलंच नाही तर ते पहिलं नाव धरून चालायचं. फसले ते तलासरीचे. वही काढून पाहिलं. बाकीच्या अर्जांना दुरुस्तीची मुदत होती, पण या अभ्यासक्रमासाठी तलासरीच्या सुरेखाशिवाय आणखी सहा जणी होत्या. दुरुस्तीसाठी प्रत्येकीच्या मोबाइलवर येणारा आकडा लागायचा, म्हणजे मुलगी किंवा निदान तिचा फोन हाताशी हवा. मी तिथूनच फोन लावायला घेतले आणि जमनीबाई शेजारी बसून ज्यांना माझं बोलणं कळेना त्यांच्याशी बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच जणी आल्या. प्रत्येकीसमोर मी कीबोर्ड ठेवला.

सहावीचा फोन लागला नाही. दोन वाजता रिक्षा करून मी तलासरीला गेलो, विचारत विचारत पाडा गाठला. घराला कडी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "लावणीला गेली सगली, गुजरातकडं. चार दिसांनी येतील." पाच वाजले तेव्हा मी परतीच्या रस्त्यावर होतो. त्या मुलीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, अर्ज मीच भरून दिला, पण तिचं एक वर्ष माझ्या गप्प बसणाऱ्या ओळीने घेतलं. तिच्या वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावायला हवा होता.

मी नवं बटण केलं, त्यात ती ओळ ठेवली नाही. पानाला कळवायची ओळ दोन्ही ब्राउझरांना समजेल अशी लिहिली. निळ्या अक्षराचा ब्राउझर पुढे बंदच पडला, माझा संगणकही आता झाकून ठेवला आहे. नव्या बटणाला खाली-वर लागत नाही. तरी मी कीबोर्ड समोर ठेवतो. एखादा तरुण विचारतो, "सर, याची गरज काय?" मी म्हणतो, "तुला कुठे गाडी पकडायचीय?"

जुनं बटण मात्र तिच्या संगणकावर अजून आहे, रांगेत सगळ्यात शेवटी. पुसवलं नाही.

या वर्षी पुरवठा कार्यालयातून दोनदा निरोप आला की आमच्या शिधापत्रिकेवर अजून दोन नावं आहेत. हा अर्ज मी इतरांसाठी किती भरले असतील. एके दुपारी गर्दी नसताना मी पान उघडलं आणि जुनं बटण दाबलं. सदस्याचं नाव: नलिनी. कारण: मृत्यू. सगळं चौकटीत दिसत होतं. पानाला अजून काही कळलेलं नव्हतं. मी तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेवढंच करून पान बंद केलं. असं किती दिवस केलं ते सांगत नाही.

एका दुपारी तसाच बसलो असताना जमनीबाई आली. सुरेखाला परिचारिकेच्या अभ्यासक्रमातून सुट्टी होती, तिला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पुढे कार्यालयात पाठवून ती माझ्याकडे आली होती. टेबलावर शिधापत्रिका होती आणि नलिनीचा फोटो असलेली आधार कार्डाची प्रत. तिने फोटो पाहिला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाईंचा हाय?"

"हो."

"दाबला नाय अजून?"

"नाही."

 ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"तुमच्याकडं यंदा चिकू कसा हाय, सर?" तिने विचारलं. "तिकडं खिडकीतनं बघा जरा. ती कोणाची रिक्षा उभी हाय?"

मी खिडकीकडे मान वळवली, पण डोळे पडद्यावरून निघाले नाहीत. तिने कीबोर्ड आपल्याकडे घेतला. पुसलेल्या बाणावर बोट ठेवलं.

खाली एक. क्षणभर चौकटीत "विवाह" आलं.

मग वर एक.